आतला कोपरा : घड्याळाच्या पोटातलं हातकाम



चावीच्या मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आधी नजरेला पडतात ते ब्रिज. चाकांची वरची टोकं जागेवर धरून ठेवणाऱ्या या पट्ट्या पितळेच्या असतात किंवा जर्मन सिल्व्हरच्या. जाडी मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी बोटाच्या पेरापेक्षाही कमी. साध्या घड्याळात हा तुकडा यंत्रावर कापला जातो, धुतला जातो, मुलामा चढतो आणि बसवला जातो. उंची घड्याळात मात्र त्याचा खरा प्रवास कापून झाल्यावर सुरू होतो.

ब्रिजची वरची सपाट बाजू आणि उभी कड यांच्यामध्ये ४५ अंशांचा एक उतार काढतात. नगरमधल्या नागापूरच्या एमआयडीसीतला कोणताही फिटर त्याला चॅम्फर म्हणेल, आणि तो चॅम्फरच आहे. फक्त त्याची रुंदी मिलिमीटरचे काही दशांश एवढीच. ती सगळ्या वळणांवर तंतोतंत सारखी राहायला हवी आणि तिच्यात खिडकीचा उजेड न फाटता दिसायला हवा. ब्रिज बाहेरच्या बाजूला गोल वळतो तिथे हे तुलनेने सोपं असतं. जिथे दोन कडा आतल्या बाजूने एकमेकींना मिळतात तिथे मात्र कारागिराची परीक्षा असते. तिथे दोन उतार एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामध्ये एक धारदार, स्वच्छ रेघ उमटावी लागते.

ही रेघ यंत्राला काढता येत नाही. फिरतं कटर गोल असतं. ते कोपऱ्यात शिरलं तरी आपल्या त्रिज्येएवढी गोलाई मागे ठेवूनच बाहेर येतं. पॉलिशचं बफही गोल फिरणारं, त्यामुळे तेही कोपरा बुजवतं. टोकदार आतला कोपरा हवा असेल तर सपाट कानस हातात धरून, भिंगातून बघत, तो कोरून काढावा लागतो. म्हणूनच जाणकार गिऱ्हाईक महागडं घड्याळ हातात घेतलं की नाव आणि किंमत बाजूला ठेवून आधी हा कोपरा शोधतो.

काम कसं चालतं ते थोडं जवळून पाहू. कारागीर ब्रिज लाकडी ठोकळ्यावर धरतो. आधी बारीक दाताच्या कानशीने उतार काढायचा. कानशीचे ओरखडे बारीक दगडाने घालवायचे, दगडाचे ओरखडे पॉलिशच्या कागदाने आणि कागदाचे त्याहून बारीक कागदाने. शेवटची पायरी लाकडाची. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात जेन्शियन नावाचं पिवळ्या फुलांचं रानरोप उगवतं. त्याचे वाळलेले दांडे तिथले कारागीर जपून ठेवतात, त्यांना टोक काढतात, हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट लावतात आणि उतारावर फिरवतात. लाकूड मऊ असल्यामुळे ते धातूच्या आकाराला धरून चालतं आणि कड गोल करत नाही. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा एकेक ओरखडा गेलेला असला पाहिजे. एखादा राहिलाच तर पेस्ट त्याला मिटवत नाही, उलट चमकवून दाखवते. मग मागे जाऊन पुन्हा दगडापासून सुरुवात. आतल्या कोपऱ्यात हाताला दोन्ही बाजूंनी नेमकं रेघेवर थांबावं लागतं. पुढे गेला तर समोरचा तयार उतार खरवडतो आणि अलीकडे थांबला तर रेघ मळकट राहते.

पोलादाच्या भागांचं तंत्र आणखी वेगळं. स्क्रूची डोकी, झुलत्या बॅलन्स चाकावरची छोटी टोपी, घड्याळाची गती लावणारा रेग्युलेटर अशा भागांना जी तकाकी देतात तिला घड्याळाच्या धंद्यात काळं पॉलिश म्हणतात. कथलाच्या सपाट तबकडीवर हिऱ्याची पेस्ट अगदी पातळ पसरायची, भाग उलटा धरायचा आणि बोटाच्या हलक्या दाबाने गोल-गोल फिरवायचा. धुळीचा एक कण आला की सगळं काम वाया. ते जमलं की नाही हे ओळखायची खूण मोठी सुरेख आहे. पृष्ठभाग खरोखर सपाट झाला असेल तर सगळा उजेड एकाच दिशेने परत जातो. त्या दिशेने पाहिलं तर पोलाद पांढरं लखलखतं, जरा कलवलं की ते शाईसारखं काळं होतं. मधली राखाडी छटा कुठेही दिसत नाही. ती दिसली तर पृष्ठभागाला अजून उंचसखलपणा आहे आणि भाग परत तबकडीवर जातो.

स्क्रू निळे करण्याचं कामही या सपाटीवर अवलंबून असतं. पितळेच्या किसावर ठेवलेला पॉलिश केलेला पोलादी स्क्रू तापवत नेला की तो आधी गवती पिवळा होतो, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळा. रंग लावलेला नसतो. पोलादावर चढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरातून तो दिसतो. पाणी दिलेल्या पोलादाचा रंग पाहून भट्टीतून काढायचं हे आपल्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. इथे फक्त वस्तू तांदळाच्या कणीएवढी असते आणि निळ्याच्या पुढे क्षणभर जरी गेली तरी करडी पडते.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला उंची घड्याळांचे विक्रेते बहुधा घाई करतात. ब्रिजच्या चॅम्फरने घड्याळाची वेळ एका सेकंदानेही सुधारत नाही. मात्र ही सगळी कामं सुरू झाली ती कारणाशिवाय नाही. कापलेल्या धातूच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक कुसळ, राहतो. तो बर कधीतरी सुटतो, चाकाच्या दात्यांत जातो आणि घड्याळ बंद पडतं. कड मारून घासली की ती भीती जाते. घासलेल्या पोलादावर गंज उशिरा धरतो. तळपट्टीवर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले गोल ठिपके असतात, तेही आधी कापण्याच्या खुणा बुजवण्यासाठी आणि बारीक धूळ धरून ठेवण्यासाठी केले जात असं जुने घड्याळकार सांगत आले. पुढे झाकणं घट्ट झाली, यंत्रं अचूक झाली, आणि या कामांतलं बरंचसं गरजेतून शोभेत गेलं.

एक काम मात्र शोभेत गेलं नाही. ते म्हणजे पिव्होट.

घड्याळाचं बॅलन्स चाक ज्या पोलादी दांडीवर झुलतं तिला स्टाफ म्हणतात. तिची दोन्ही टोकं, म्हणजेच पिव्होट, माणकाच्या खड्ड्यात टेकलेली असतात. त्या टोकांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. जुन्या हातचावीच्या घड्याळात बॅलन्स तासाला १८,००० ठोके घेतो, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. आधुनिक २८,८०० ठोक्यांच्या घड्याळात हा आकडा जवळजवळ सात लाखांवर जातो. प्रत्येक ठोक्याला ते टोक माणकावर घासतं. त्यावर लेथच्या हत्याराची खूण राहिली असेल तर तेल लवकर काळं पडतं, झोका लहान होतो आणि घड्याळ मागे पडायला लागतं. म्हणून लेथवर वळवलेल्या पिव्होटला शेवटी ओप द्यावा लागतो. ओपणी म्हणजे टणक, अगदी बारीक रेषांची पोलादी पट्टी. जाको नावाच्या छोट्या हत्यारात पिव्होट अर्धा बुडलेल्या खाचेवर टेकवायचा आणि ओपणी त्यावरून दाबून न्यायची. यात धातू घासून काढायचा नसतो, दाबून बसवायचा असतो. त्यामुळे वरचा थर गुळगुळीत होतो आणि कठीणही. आपल्या सराफ बाजारातला कारागीर सोन्यावर अकिकाच्या ओपणीने जे करतो, त्याचं तत्त्व हेच.

या व्याख्यानाचं मुख्य म्हणणं इथून सुरू होतं. कड मारणारा, काळं पॉलिश करणारा आणि पिव्होटला ओप देणारा हात एकच असतो. तिन्ही कामांची शिस्त सारखी: सपाटी ओळखणं, दाब मोजणं, मागची खूण गेल्याशिवाय पुढे न सरकणं. ज्याला हे जमतं त्याला घड्याळाचा हरवलेला किंवा मोडलेला भाग नव्याने घडवता येतो. ज्याला जमत नाही त्याला सुटे भाग मिळतील तोवरच दुरुस्ती करता येते. ब्रिजवरची तकाकी ही या क्षमतेची उघड्यावर ठेवलेली साक्ष आहे, आणि तिची कदर करायची ती यासाठी.

हे हात कुठून आले याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १५४१ मध्ये जॉन कॅल्विन जिनिव्हात परतला आणि त्याच्या कडक धर्मसुधारणेत दागिन्यांच्या भपक्यावर बंधनं आली. शहरातल्या सोनारांकडे कौशल्य होतं पण काम उरलं नाही. ते घड्याळांकडे वळले. १६०१ मध्ये तिथल्या घड्याळकारांचा संघ स्थापन झाला. सोन्यावर नक्षी करणाऱ्या हातांनी घड्याळाच्या पोटातलं पितळही तसंच सोडलं नाही, यात नवल ते काय! पुढे ६ नोव्हेंबर १८८६ रोजी जिनिव्हाने कायदाच केला. घड्याळाचं यंत्र त्याच परगण्यात जुळवलेलं असेल आणि त्याचे भाग ठरल्या दर्जाने घासलेले-पॉलिश केलेले असतील तरच त्यावर शहराची मोहोर उठवायची. घासकाम हा सरकारी मोहोरेचा निकष होणं ही जगात विरळ गोष्ट आहे.

जुरा डोंगरातल्या व्हाले द जू या खोऱ्यात वेगळी गोष्ट घडली. तिथला हिवाळा लांब आणि बर्फाचा. शेतकरी कुटुंबं ते महिने खिडकीशी बाक लावून घड्याळाचे भाग करण्यात घालवायची. एका घरात स्क्रू, दुसऱ्यात चाकं.

आपल्यासाठी मात्र सगळ्यात जवळचं उदाहरण जर्मनीतलं आहे. सॅक्सनीतलं ग्लासह्युटे हे डोंगरातलं गाव चांदीच्या खाणी आटल्यामुळे गरिबीला लागलं होतं. १८४५ मध्ये ड्रेस्डेनचा घड्याळकार फर्डिनांड अडोल्फ लांगे तिथे गेला. सॅक्सनीच्या सरकारकडून त्याने कर्ज घेतलं आणि स्थानिक १५ उमेदवारांना हाताशी घेऊन कारखाना सुरू केला. या मुलांच्या घरी घड्याळाचा धंदा नव्हता. त्यांना कानस धरण्यापासून शिकवावं लागलं. यथावकाश त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचे व्यवसाय काढले आणि गाव घड्याळांचं झालं. लांगे पुढे १८ वर्षं त्या गावाचा महापौर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जर्मनीच्या सोव्हिएत ताब्यातल्या भागात ही कंपनी सरकारजमा झाली आणि नाव पुसलं गेलं. १९९० मध्ये लांगेच्या पणतूने, वॉल्टर लांगेने, ती पुन्हा उभी केली आणि १९९४ मध्ये पहिली नवी घड्याळं बाहेर आली. तिथे आजही प्रत्येक यंत्र दोनदा जुळवतात. एकदा जुळवून, चालवून, वेळ लावून ते पूर्ण सुटं करतात. मग भागांचं शेवटचं घासकाम होतं आणि ते पुन्हा जुळवलं जातं. बॅलन्सवरच्या पट्टीवर हाताने कोरलेली फुलांची नक्षी असते, त्यामुळे एक घड्याळ दुसऱ्यासारखं नसतं.

मुंबईला युरोपातली घड्याळं लवकर आली. १८६५ मध्ये स्वित्झर्लंडच्या फेवर ल्युबा घराण्याने भारतात व्यापार सुरू केला. १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव मुंबईत दिसू लागलं आणि तिचं ‘सोवार’ हे घड्याळ पुढे लष्करी मनगटांवर गेलं. त्याच्या आठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर शहराला वेळ सांगू लागला होता. माल आला, दुकानं आली, टॉवर आले; घड्याळ घडवण्याची विद्या मात्र बोटीवर चढली नाही. जी चढली ती दुरुस्तीची विद्या. आणि ती आपल्या लोकांनी फार मन लावून आत्मसात केली, हे कुठेतरी ठळकपणे लिहून ठेवायला हवं.

गावोगावच्या घड्याळजीच्या काचेच्या पेटीमागे काय चालायचं ते आठवून पाहा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, काचेच्या घुमटाखाली सुटे भाग, एका वाटीत पेट्रोल. घड्याळ खोलायचं, धुवायचं, ऑइलिंग करायचं आणि चालू झालं की दोन दिवस टांगून ठेवायचं. खाली पडलेल्या घड्याळाचा स्टाफ मोडलेला असायचा आणि परदेशी कंपनीचा स्टाफ मुंबईहून आणायचा म्हणजे कित्येक दिवस. ज्याच्या हातात कसब असे तो घड्याळजी छोट्या लेथवर पोलादाची तार वळवून नवा स्टाफ करायचा आणि त्याच्या टोकांना ओप देऊन बसवायचा. त्या पिव्होटवर कोणाची मोहोर नव्हती, त्याची जाहिरात कधी झाली नाही. पण जिनिव्हातल्या बाकावर ज्या कामाला मान मिळत होता, त्याच जातीचं काम आपल्या पेठांमध्ये कळकट दिव्याखाली होत होतं.

१९६१ मध्ये बंगळूरुला एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. १९४२ ते १९४५ या काळात आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत राहून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिणाऱ्या नेहरूंना देशी घड्याळाचं ‘जनता’ हे नाव आवडलं असणार. जनता, सोना, पायलट, कांचन, कोहिनूर ही नावं पुढे घराघरांत झाली. नोकरीला लागलेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटी दिलं जाऊ लागलं. या घड्याळांचं घासकाम साधं, यंत्राचं, काटकसरीचं होतं, आणि ते तसंच योग्य होतं. सामान्य माणसाला परवडणारं घड्याळ हवं असेल तर ब्रिजच्या कोपऱ्यावर कोणी दिवस घालवू शकत नाही. एचएमटीची उणीव घड्याळात शोधू नये. उणीव राहिली ती पुढच्या पायरीत: एवढी घड्याळं करणाऱ्या देशात एखादा छोटा बाक असा असायला हवा होता जिथे वर्षाला दहाच घड्याळं होतील, पण पहिल्या कानशीपासून शेवटच्या ओपापर्यंत सगळं हाताने. तो बाक उभा राहिला नाही.

आणि मग उशीर झाला. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोचं ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ घड्याळ विक्रीला आलं. कमान नाही, झुलतं चाक नाही; कंप पावणारा स्फटिक आणि सेल. अचूकतेत चावीचं घड्याळ त्याच्या जवळपासही नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला घड्याळधंद्यात ९०,००० च्या आसपास लोक होते. १९८० च्या दशकात ते ३०,००० च्या घरात आले. खोऱ्यांतली घरं, शाळा, कारखाने ओस पडले. आपल्याकडे १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि पाहता पाहता एचएमटी मागे पडली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. टायटनने २००२ मध्ये ‘एज’ आणलं तेव्हा त्याच्या क्वार्ट्झ यंत्राची जाडी फक्त १.१५ मिलिमीटर होती. भारतीय हातांना सूक्ष्म काम जमत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढा एक आकडा पुरेसा आहे. पेठेतल्या घड्याळजीचं मात्र काम बदललं. सेल बदलणं, पट्टा बदलणं, काच बसवणं. लेथवर धूळ बसली.

स्विस घासकाम यातून वाचलं ते थोड्या हट्टी माणसांमुळे. १९४८ मध्ये व्हाले द जूमध्ये जन्मलेला फिलिप द्यूफूर हे त्यातलं मोठं नाव. ले सोलिया गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचा बाक आहे. १९९२ मध्ये त्याने तासांचे आणि पाव तासांचे ठोके देणारं मनगटी घड्याळ केलं, पण त्याचं नाव झालं ते २००० साली आलेल्या ‘सिम्प्लिसिटी’मुळे. नावाप्रमाणेच साधं: तास, मिनिट, खाली एक छोटा सेकंदकाटा. आत मात्र ब्रिजच्या प्रत्येक कडेवर ते जेन्शियनचं लाकूड फिरलेलं. अशी सुमारे २०० घड्याळं करायला त्याला दशकाहून अधिक काळ लागला. २०२० मध्ये जिनिव्हाच्या लिलावात त्याच्या एका ‘सिम्प्लिसिटी’ला १३ लाख स्विस फ्रँकहून जास्त किंमत आली. हा आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याहून महत्त्वाचं असं काही द्यूफूरने केलं. त्याने विद्या झाकून ठेवली नाही. जपानमध्ये शिओजिरी इथे सेइको एप्सनचा एक छोटा स्टुडिओ आहे. तिथल्या कारागिरांना त्याने कड घासण्याचं मर्म सांगितलं, आणि त्यांची घड्याळं आज युरोपातल्या घड्याळांच्या बरोबरीने भिंगाखाली तपासली जातात. दुसरा प्रकल्प त्याहून रोमांचक. द्यूफूर, रॉबर्ट ग्रुबेल आणि स्टीफन फोर्सी या तिघांनी मिळून मिशेल बुलांजे या पॅरिसच्या घड्याळशिक्षकाला हाताशी धरलं आणि संगणकी यंत्रांशिवाय, जुन्या हत्यारांनी, एक संपूर्ण घड्याळ करून घेतलं. अट एकच: शिकलेलं पुढे विद्यार्थ्यांना शिकवायचं. ते पहिलं घड्याळ २०१६ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे १४.६ लाख डॉलरला गेलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या घड्याळकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

यंत्राविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. आज संगणकी मशीन ब्रिजची कड कापतानाच चॅम्फर मारून देतं, आणि तो चॅम्फर वाईट नसतो. लाखाच्या आतल्या घड्याळात त्याहून जास्त मागणं अन्यायाचं आहे. आक्षेप आहे तो एकाच गोष्टीला: यंत्राने मारलेल्या कडेवर शेवटी दोन मिनिटं ब्रश फिरवून ती हातकाम म्हणून विकण्याला. गिऱ्हाइकाला आतला कोपरा बघायला शिकवलं तर हा खोटेपणा फार टिकत नाही.

आता नगरकडे येऊ. या जिल्ह्याचं धातूशी नातं जुनं आहे. विजापूरच्या बुरुजावर आज असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीत, नगरमध्येच, मुहम्मद रूमी या कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी सिंहाचा जबडा, अंगावर कोरलेली अक्षरं, आणि एवढ्या प्रचंड धातूवरही हात फिरवला तर जाणवणारा गुळगुळीतपणा. अलीकडच्या काळात दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा कारखाना, स्विचगिअरचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप्स यांनी इथे दोन-तीन पिढ्या फिटर आणि टूलरूमचे कारागीर तयार केले. त्यांच्यातला डाय पॉलिश करणारा माणूस बारकाईने पाहण्यासारखा असतो. प्लास्टिकचा भाग आरशासारखा यायचा तर साच्याचं पोलाद आधी आरसा व्हावं लागतं. तो दगड वापरतो, एमरी कागद वापरतो, लाकडाच्या काडीला हिऱ्याची पेस्ट लावतो, आणि मागचा ओरखडा गेल्याशिवाय पुढच्या नंबरवर जात नाही. व्हाले द जूमधल्या बाकावर त्याला बसवलं तर हत्यारं त्याला ओळखीची वाटतील, फक्त मोजमाप लहान करावं लागेल.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलं आजही कानशीने एकात एक बसणारे नर-मादी जॉब करतात, आणि ते ०.०४ मिलिमीटरच्या आत बसवावे लागतात. म्हणजे पाया आहे. सराफ बाजारात ओपणी आहे, टूलरूममध्ये पेस्ट आहे, पेठेत भिंग आणि जुने लेथ आहेत. ही माणसं एकमेकांना भेटलेली नाहीत, एवढीच अडचण. ग्लासह्युटेत तर यातलं काहीच नव्हतं; तिथे एक शिकवणारा माणूस आणि कर्ज देणारं सरकार होतं.

म्हणून एक सूचना इथे मांडायची आहे, आणि ती पूर्ण गांभीर्याने. आयटीआयच्या फिटर शाखेला जोडून सूक्ष्म घासकामाचा एक बाक सुरू व्हावा. साहित्य फार लागत नाही: उजेडाची खिडकी, दहापट भिंग, बारीक कानशी, दगड, कागद, कथलाची तबकडी, हिऱ्याची पेस्ट, एक छोटा लेथ. जेन्शियन नसलं तरी सह्याद्रीत मऊ गाभ्याची लाकडं कमी नाहीत. ती एकेक करून पाहावीत. पहिला धडा एक मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यावर काटकोनातला आतला कोपरा. दुसरा, पोलादाच्या चपट्या तुकड्यावर काळं पॉलिश. तिसऱ्यासाठी भंगारात निघालेली एचएमटीची यंत्रं घ्यावीत, त्यांचे ब्रिज काढावेत, जुना मुलामा उतरवावा आणि त्यांच्या कडा मुलांनी घडवाव्यात. ज्या घड्याळांना सुटे भाग मिळत नाहीत असे लाखो जनता आणि पायलट घरोघरच्या कपाटांत पडून आहेत; चौथ्या धड्याला, म्हणजे स्टाफ वळवून त्याच्या पिव्होटला ओप देण्याला, काम कुठून आणायचं हा प्रश्नच उरत नाही.

शिकवायला कोण, याचं उत्तर मात्र घाईचं आहे. स्टाफ वळवू शकणारे घड्याळजी आता वयस्क झाले आहेत आणि त्यांच्या दुकानात पुढची पिढी बहुधा बसत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या पेठेत फिरून अशा कारागिरांची यादी करावी, त्यांच्याच लेथवर त्यांच्याकडून एकेक स्टाफ करून घ्यावा आणि तो होत असताना हात, हत्यार आणि भिंगाखालचा पिव्होट अशी तिन्ही दृश्यं चित्रित करून ठेवावीत. बाकाला मंजुरी मिळायला वेळ लागेल. यादी आणि चित्रण या दिवाळीच्या आत सुरू करता येईल, आणि त्याला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.